‘कायमचा पत्ता’ हा रकाना आधी काढा : प्रदर्शनाच्या आवाहनासाठी गूगल फॉर्म्स

ठाण्यात किंवा नवी मुंबईत एखादं वाचनालय, कलामंडळ किंवा कॉलेजचा चित्रकला विभाग विस्थापनावर प्रदर्शन भरवायचं ठरवतो, तेव्हा हॉलचं बघू नंतर, आधी कलाकारांना कळवायचं कसं आणि कामं मागवायची कशी, इथून बैठक सुरू होते. दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतं, ‘गूगल फॉर्म करून टाकू.’ फुकट, सगळ्यांच्या ओळखीचा, पंधरा मिनिटांत तयार. हे परीक्षण त्या फॉर्मचंच आहे. लग्नाच्या हजेरीसाठी किंवा कॉलेजच्या फीडबॅकसाठी तो कसा, हा मुद्दा इथे नाही. ज्यांचं गाव गेलं, मुलूख सुटला किंवा वस्ती उठली अशा लोकांकडून काम मागवायचं असेल तर तो कितपत चालतो, एवढंच बघायचं आहे. आमचं मत सुरुवातीलाच: मजकूर गोळा करायला उत्तम, चित्रं गोळा करायला कामचलाऊ, आणि फक्त त्याच्याच भरवशावर राहिलात तर या विषयाला सर्वांत गैरसोयीचा. पाचपैकी तीन तारे.

गैरसोय कुठे आहे ते आधी. फॉर्ममध्ये ‘फाइल अपलोड’चा एक जरी प्रश्न टाकला, तरी भरणाऱ्याला गूगल खात्यात साइन-इन करावंच लागतं. ही सक्ती काढायची सोय सेटिंगमध्ये नाही. म्हणजे बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यातल्या ज्या बाईने जुन्या घराची ओटी, चूल, जाळ्यांची खोली कापडावर टाक्यांनी उभी केली आहे, तिचं काम परीक्षकांपुढे जाण्याआधीच पासवर्डपाशी अडकतं. नातू स्वतःच्या फोनवरून भरून देतो, हे खरं. पण मग दुसरा घोळ होतो. अपलोड झालेल्या प्रत्येक फाइलच्या नावामागे फॉर्म आपोआप खातेदाराचं नाव जोडतो, कलाकाराचं नाही. एका नातवाने आळीतल्या तिघींचे अर्ज भरले की फोल्डरमध्ये पंधरा फोटो एकाच मुलाच्या नावाने येऊन पडतात. त्यात ‘एका व्यक्तीला एकच उत्तर’ हे बटण सुरू ठेवलेलं असेल, तर दुसरीचा अर्ज जातच नाही. ते बटण या कामासाठी बंदच असायला हवं.

यावर चालणारा उपाय म्हणजे फॉर्म दोन तुकड्यांत करणं. फॉर्ममध्ये फक्त मजकूर घ्या, अपलोड अजिबात नको. मग तो लिंक असलेल्या कुणालाही साइन-इनशिवाय उघडता येतो. मात्र प्रसिद्ध करताना उत्तर देण्याची परवानगी ‘लिंक असलेले कोणीही’ अशी आहे ना, ते तपासा. ईमेल गोळा करण्याच्या सेटिंगमध्ये ‘पडताळलेला’ हा पर्याय निवडू नका, त्याने साइन-इन मागच्या दाराने परत येतं. ‘उत्तर देणाऱ्याने लिहायचा’ हा पर्याय घ्या, किंवा ईमेल विचारूच नका. चित्रं वेगळ्या वाटेने मागवा, ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर. पण व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून. फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, धरलं तर त्यातून जेमतेम सव्वापाच इंचांचं चित्र निघतं. पुस्तिकेत अर्धं पान भरेल, भिंतीवरच्या फलकाला उपयोग नाही.

मजकूर आणि चित्र वेगवेगळ्या दारांनी आले की त्यांची जोडी लावावी लागते, आणि इथे फॉर्म मदत करत नाही. अर्ज गेल्यावर दिसणारा संदेश सगळ्यांना सारखाच असतो, त्यात अनुक्रमांक देता येत नाही. म्हणून खूण अर्जदाराकडूनच करून घ्या: मोबाइलचे शेवटचे चार आकडे आणि मूळ गावाचं पहिलं अक्षर. ‘४४१७-उ’ ही खूण फॉर्ममध्येही लिहायची आणि चित्रांसोबतच्या निरोपातही. सोपी आहे, फोनवरून सांगता येते, आणि परीक्षकांसमोर नाव झाकायलाही हीच वापरता येते.

या वाटेचा एक तोटा आहे. साइन-इन केलेल्या माणसाचा अर्धवट फॉर्म गूगल ३० दिवस मसुदा म्हणून जपून ठेवतो. साइन-इन नसेल तर ही सोय नाही. मध्येच ब्राउझर बंद झाला तर लिहिलेलं सगळं जातं. म्हणून फॉर्मच्या माथ्यावर, पहिल्या प्रश्नाच्याही आधी, ठळकपणे सांगा की कामाबद्दलचं निवेदन आधी दुसरीकडे लिहून ठेवा आणि मग इथे चिकटवा.

आता समजा, अर्जदार मुख्यतः कला महाविद्यालयांतले आहेत आणि अपलोड ठेवायचंच आहे. मग जागेचं गणित आधी करा. अपलोड असलेल्या फॉर्मची एकूण मर्यादा सुरुवातीला १ जीबी असते. फोनमधला बरा फोटो ४ ते ५ एमबीचा. पाच फोटो मागवले तर एका अर्जाचे २० एमबीच्या वर. म्हणजे पन्नासाव्या अर्जाच्या आसपास १ जीबी भरतं आणि फॉर्म उत्तरं घेणं थांबवतो. अर्जांची गर्दी शेवटच्या रात्री होते, त्यामुळे हे साधारण रात्री अकराला घडतं, आणि फोन आयोजकांना येतात. मर्यादा वाढवता येते, अपलोडच्या प्रश्नातच ‘बदला’ असा दुवा असतो आणि १० जीबी, १०० जीबी, १ टीबी असे पर्याय मिळतात. पण ती जागा शेवटी फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमधलीच. फुकट खात्यात १५ जीबी मिळतात आणि त्यातच जीमेल आणि गूगल फोटोजही बसतात. कार्यवाहांच्या खाजगी खात्यावर, जिथे आठ वर्षांचे बारशाचे आणि सहलीचे फोटो आधीच भरलेले आहेत, फॉर्म बनवणं हा सगळ्यांत महागडा आळस. प्रदर्शनासाठी नवं खातं उघडा. पुढच्या वर्षी कार्यवाह बदलले तरी फायली त्यांच्यासोबत जात नाहीत, हा आणखी एक फायदा.

एका फाइलची मर्यादा १० एमबी ठेवली तर ५० मेगापिक्सेल मोडमध्ये काढलेला फोटो अडकू शकतो, तेव्हा १०० एमबी निवडा आणि सूचनेत साधा मोड वापरायला सांगा. आयफोनवरून येणाऱ्या हीक (HEIC) प्रकारच्या फोटो-फायली वाचनालयाच्या जुन्या संगणकावर उघडत नाहीत, त्यामुळे ‘जेपीजी’ हा शब्द सूचनेत हवा. प्रत्येक अपलोड-प्रश्नासाठी ड्राइव्हमध्ये वेगळा फोल्डर तयार होतो. ‘चित्र १’, ‘चित्र २’, ‘चित्र ३’ असे तीन प्रश्न केले तर एकाच कलाकाराची कामं तीन फोल्डरांत विखुरतात. एकच प्रश्न, पाच फायलींची परवानगी, हे बरं.

परीक्षक ज्या वेळी नावं न बघता निवड करणार असतील, त्या वेळी फाइलनावात घुसलेलं नाव काढावं लागतं. सगळं डाउनलोड करून एकगठ्ठा नाव बदललं तर कोणतं चित्र कोणाचं हेच हरवतं. उत्तरांच्या शीटमध्ये प्रत्येक ओळीत फायलींचे दुवे असतात. एकेक ओळ घेऊन ‘०७-१’, ‘०७-२’ असं नाव द्यायचं, आणि तोच ०७ शीटच्या एका नव्या रकान्यात लिहायचा. साठ अर्जांना दोन माणसांची एक दुपार जाते. ही दुपार वेळापत्रकात धरलेली नसते, म्हणून निवड लांबते.

इथवर सगळं यंत्राचं झालं. खरी कसोटी प्रश्नांच्या शब्दांत आहे, आणि फॉर्म बनवणारे तिथेच सर्वांत कमी वेळ देतात. बाकीच्या अर्जांतून उचललेला ‘कायमचा पत्ता’ हा रकाना, तोही लाल तारका लावून सक्तीचा, विस्थापनाच्या प्रदर्शनात शोभत नाही. शोभेचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी त्यातून चुकीची माहिती येते. त्याऐवजी दोन प्रश्न करा: ‘काम कोणत्या गावाशी किंवा वस्तीशी जोडलेलं आहे?’ आणि ‘सध्या कुठे राहता?’ दोन्ही मोकळे, यादीतून निवडायचे नव्हेत. गावांची तयार यादी या भागात फसते. नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या गावांत गणेशपुरी, कोपर आणि चिंचपाडा आहेत. पण गणेशपुरी म्हटलं की ठाणेकराला वज्रेश्वरीजवळची, भिवंडी तालुक्यातली गरम पाण्याच्या कुंडांची गणेशपुरी आठवते. कोपर म्हटलं की डोंबिवली आणि दिव्यामधलं स्टेशन, आणि चिंचपाडा ऐरोलीच्या बाजूलाही आहे. पनवेल तालुक्यातलं गणेशपुरी आता पत्त्यावर उरलेलं नाही, त्या गावाचा माणूस पुनर्वसनाच्या जागेचा प्लॉट नंबर लिहील. यादीत त्याला त्याचं गाव सापडलंच नाही, तर तुम्ही त्याला दुसऱ्यांदा उठवलंत.

उल्हासनगरकर पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ म्हणतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवलं, १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं, पण छावणीचा आकडा पत्त्यातून गेला नाही. तिथले आजी-आजोबा सिंधी लिहितात ते अनेकदा अरबी वळणाच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे. ती फॉर्मच्या चौकटीत टाइप करायला लावण्यापेक्षा हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो किंवा दोन मिनिटांचा आवाजी निरोप घ्या. अशा निवेदनाचा फोटोच भिंतीवर लावला तर मथळ्याच्या पाटीपेक्षा जास्त बोलेल. ठाण्यातल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, कुटुंबांचाही विचार करा. १८७९ सालचं त्यांचं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) शहरात आहे, अनेक घरं मात्र इस्रायलला गेली. तिकडून कोणी काम देणार असेल तर मूळ वस्तू मागवू नका, फाइल घेऊन छपाई इथे करा.

नवी मुंबईच्या बाजूला शब्दांची आणखी काळजी घ्यावी लागते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना मार्च १९७० मधली, आणि शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतली ९५ गावं धरली गेली. तिथले भूमिपुत्र स्वतःला ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणतात, ‘स्थलांतरित’ म्हणत नाहीत. अनेकांचं घर जागेवरच आहे, शेत आणि मिठागर गेलं. आवाहनात नुसतं ‘आपलं गाव सोडून आलेल्या कलाकारांसाठी’ असं लिहिलं तर हा माणूस समजतो, हे आपल्यासाठी नाही. त्याने गाव सोडलेलंच नाही, गावाभोवती शहर आलं. जमिनीच्या मोबदल्यासाठीचं जासईचं १९८४ चं आंदोलन, त्यातला गोळीबार आणि पाच हुतात्मे, पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना, हे सगळं त्याच्या बोलण्यात ‘विस्थापन’ हा शब्द न वापरता येतं. ‘गाव सुटलं, जमीन गेली, वस्ती बदलली किंवा भाषा मागे राहिली, यांपैकी काहीही’ असं लांबलचक लिहिलं तरी चालेल. आवाहन सुबक दिसण्यापेक्षा त्यात माणसं मावणं महत्त्वाचं.

निवेदनाच्या लांबीवर मर्यादा घालताना एक बारीक खोच आहे. फॉर्म शब्द मोजत नाही, वर्ण मोजतो, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजतो. ‘विस्थापन’ आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, फॉर्मला आठांचा. ‘प्रकल्पग्रस्त’ पाच अक्षरांचा, फॉर्मला तेरांचा. इंग्रजी नमुन्यातून ५०० ची मर्यादा उचलली तर मराठीत ती सत्तरेक शब्दांत संपते आणि माणूस वाक्याच्या मध्ये अडकतो. दीडशे शब्द हवे असतील तर मर्यादा १२०० ठेवा.

मापाचा रकाना एकच ठेवला की ‘२ बाय ३’ असं उत्तर येतं. फूट की इंच, उभं की आडवं, फ्रेमसकट की फ्रेमशिवाय, काहीच कळत नाही. उंची, रुंदी, खोली असे तीन वेगळे प्रश्न करा, तिन्ही इंचात, फ्रेम धरून. चौथा वजनाचा. काचेची फ्रेम असेल तर २ बाय ३ फुटांच्या नुसत्या २ मिमी काचेचंच वजन सुमारे पावणेतीन किलो भरतं, त्यामुळे पॅनेलवर दुहेरी टेपने टांगायचा विचार कोणी करू नये. या आकड्यांवरून भिंत मोजता येते. ४० फुटांच्या सलग भिंतीवर ३ फूट रुंदीची कामं, मध्ये एक-एक फूट मोकळं, म्हणजे दहाच बसतात. आवाहनात ‘साठ कलाकृती’ छापण्याआधी हा भागाकार झालेला असावा.

आणखी एक प्रश्न हमखास विसरला जातो: कामात नाशवंत काही आहे का? आगरी-कोळी वस्त्यांतून येणाऱ्या मांडणीत जाळं, वल्हं, मिठागराचं मीठ, भाताचा पेंढा येणं साहजिक आहे. खाडीवरून आणलेलं न वाळवलेलं जाळं किंवा सुके बोंबील बंद एसी हॉलमध्ये दुसऱ्याच दिवशी स्वतःचं निवेदन स्वतः करू लागतात. उघडं मीठ पावसाळ्यात पाणी सोडतं आणि लाकडी फरशी खराब करतं. नकार द्यायची गरज नाही, ॲक्रिलिकची पेटी आणि खाली ट्रे यांची तजवीज करायला वेळ हवा, इतकंच.

प्रवेश शुल्काबद्दल: फॉर्म पैसे घेत नाही. लोक यूपीआयचा क्यूआर चिकटवतात आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर विचारतात. ज्या फोनवर फॉर्म उघडा आहे त्याच फोनने पडद्यावरचा क्यूआर टिपता येत नाही, त्यामुळे यूपीआय आयडीही अक्षरात लिहावा लागतो. बरं, एवढी खटपट करून जमणारी रक्कम किती? या विषयाला शुल्क नकोच, असं आमचं स्पष्ट मत.

संमतीच्या चौकटी मात्र वाढवा. हक्क कलाकाराकडेच राहतील, आयोजक फक्त प्रदर्शन, पुस्तिका आणि प्रसिद्धीसाठी प्रतिमा वापरतील, हे एका वाक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कामाचं श्रेय आणि कामाची मोडतोड यांबद्दल कलाकाराला वेगळा हक्क आहे (कलम ५७), तेव्हा ‘गरजेनुसार चित्र कापण्याचा अधिकार’ असली वाक्यं कुठूनतरी उचलून टाकू नका. दुसरी चौकट चेहऱ्यांची: छायाचित्रातल्या माणसांना विचारलं आहे का? तिसरी कागदपत्रांची. सातबारा, मोबदल्याची नोटीस, रेशनकार्ड हे या प्रदर्शनांत कोलाजमध्ये फार येतं, आणि त्यावर भाऊबंदांची नावं, गट नंबर असतात. कधी त्याच जमिनीचा वाद कोर्टात चालू असतो. नावं झाकायला कलाकाराला आधीच सांगितलेलं बरं. आधार क्रमांक आणि जात विचारण्याचं काहीच कारण नाही.

एकट्या लिंकवर राहू नका, हे वर आलंच. लिंक व्हॉट्सॲप गटांतून फिरते आणि गटांबाहेरचा माणूस बाहेरच राहतो. क्यूआर असलेला ए-फोर कागद गावदेवीच्या देवळाबाहेर, मच्छीबाजारात, समाजमंदिरात लावा; त्यावर एक फोन नंबर मोठ्या अक्षरात. महिन्यातले दोन रविवार, दोन-दोन तास, एखाद्या वाचनालयात टेबल टाका. साइन-इन नसलेला मजकुराचा फॉर्म इथे पुन्हा उपयोगी पडतो, स्वयंसेवक एकाच फोनवरून कितीही अर्ज भरू शकतो. कामाचा फोटो तिथेच काढा: सावलीत, फ्लॅशशिवाय, काच काढून, फोन चित्राला समांतर धरून, ०.५ची रुंद लेन्स टाळून. प्रत्येक कामासोबत एक फोटो मोजपट्टी ठेवून. टेबलाचा खर्च चहाचा, आणि घरात शिवलेली, विणलेली, कोरलेली कामं बहुतेक इथूनच येतात.

फॉर्म बंद केल्यावर दिसणारा संदेश बदलता येतो, ही सोय चांगली आहे आणि जवळजवळ कोणी वापरत नाही. तिथे नुसतं ‘हा फॉर्म आता उत्तरं स्वीकारत नाही’ असू देऊ नका. निकालाची तारीख, नाकारलेल्यांनाही कळवणार का, कामं कुठे आणि कोणत्या वारी आणून द्यायची, टेम्पो आयोजकांचा की कलाकाराचा, आणि तोच फोन नंबर. प्रदर्शन उतरल्यावर तीन महिन्यांत अपलोडचा फोल्डर आणि शीटमधले मोबाइल नंबर पुसणार, ही ओळही तिथेच लिहा, आणि खात्याच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेची आठवण लावून ठेवा.